जित्याची खोड : मूलपेशी, पद्धत आणि गुणवत्ता

मराठी साहित्याच्या अध्यापकाने मूलपेशींविषयी लिहावे काय, हा प्रश्न वाचकांच्या आधी मलाच पडला होता. ज्या निमित्ताने तो सुटला ते निमित्त प्रथम सांगतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर, पळसदेव ओलांडल्यावर लोणी देवकर लागते. तिथल्या माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील एक दिवस एक गुळगुळीत छापील पत्रक घेऊन आले. धाकट्या मुलाला जन्मापासूनचा मेंदूचा आजार. पत्रक एका उपचारकेंद्राचे होते. ‘‘सर, हे जरा वाचून सांगा. मराठीच आहे, पण कळंना,’’ असे ते म्हणाले.

मी वाचले. भाषा ओघवती होती. ‘पेशींचा पुनर्जन्म’, ‘शरीरातील बालपण जागे करणारे विज्ञान’, ‘नोबेल पारितोषिकप्राप्त संशोधनावर आधारित’ अशी वाक्ये होती. किंमत छापलेली नव्हती. ती तोंडी सांगितली गेली होती, आणि ती ऐकून त्यांनी दीड एकराचा विचार सुरू केला होता. मी वाचून दाखवत असताना ते मध्येच म्हणाले, ‘‘ह्या पेशी बनवल्या कशा, ते कुठं लिहिलंय?’’ ते कुठेही लिहिलेले नव्हते. मला पत्रकाची अलंकारिक भाषा खटकत होती. त्यांना त्यातली नेमकी गाळलेली जागा दिसली होती. उसाचे बेणे घेताना ते कुठल्या मळ्यातले, मूलभूत की पायाभूत की प्रमाणित, हे विचारल्याशिवाय जो माणूस सरीत कांडी टाकत नाही, त्याला हा प्रश्न सुचणे साहजिक होते. आपल्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्यांना तो सुचला नाही, याची मला लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

त्या प्रश्नाचा विज्ञानाच्या अंगाने अर्थ असा : पेशी कोणत्या पद्धतीने घडवली यावर ती पेशी कशी निपजते हे अवलंबून असते काय? असते, पण किती आणि कसे, हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

शरीरातील प्रत्येक पेशीत साधारणपणे तोच जनुकसंच असतो. तरीही त्वचेची पेशी त्वचेची राहते आणि यकृताची पेशी यकृताची, कारण कोणती पाने उघडायची आणि कोणती मिटलेली ठेवायची, याच्या खुणा त्या संचावर केलेल्या असतात. गर्भातील पेशी हळूहळू एका वाटेला लागते आणि मग परत फिरत नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. कॉनराड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने १९५७ साली त्याचे प्रसिद्ध चित्र काढले : उतारावर फाटे फुटत जाणाऱ्या दऱ्या आणि माथ्यावरून घरंगळत येणारा चेंडू. एकदा एका दरीत उतरलेला चेंडू शेजारच्या दरीत जात नाही. याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरो येथे त्याच दशकात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर संशोधन केले, आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्या विषयाची परंपरा रुजवली. तेव्हा ज्या चित्राभोवती आजची सारी चर्चा फिरते, ते पुण्याला परके नाही.

चेंडू वर ढकलता येतो, हे १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकावर दाखवले. आतड्याच्या पेशीचे केंद्रक अंड्यात घातले, तर त्यातून बेडूकमासा वाढू शकत होता. मात्र त्यासाठी अंडे लागे. अंड्यावाचून, केवळ काही जनुके आत सोडून हे करता येते, हे २००६ साली क्योतो येथे शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या पेशींवर सिद्ध केले. चोवीस उमेदवार जनुकांतून गाळत गाळत चार उरली : ऑक्ट-३/४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, माणसाच्या पेशींवर तेच साधले. अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटानेही थोड्या वेगळ्या चार जनुकांनी ते त्याच सुमारास केले. २०१२ चे नोबेल पारितोषिक गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळाले. या पेशींना ‘प्रेरित बहुसक्षम मूलपेशी’ म्हणतात : प्रेरित, कारण त्या मुद्दाम घडवल्या, बहुसक्षम, कारण शरीरातील जवळजवळ कोणत्याही प्रकारची पेशी त्यांच्यापासून होऊ शकते.

क्योतोच्या त्या पहिल्या मानवी प्रयोगातली एक संख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका छत्तीस वर्षांच्या स्त्रीच्या चेहऱ्यावरील त्वचेच्या पन्नास हजार पेशींवर प्रयोग केला, तेव्हा सुमारे दहा वसाहती मिळाल्या. म्हणजे पाच हजारांत एक. ‘पेशींचा पुनर्जन्म’ असे पत्रक म्हणते. प्रत्यक्षात बहुतेक सगळ्या पेशी त्या वाटेवर मरतात, थांबतात किंवा भलतीकडे जातात. जी एक पोचते ती का पोचली आणि पोचताना तिचे काय झाले, हाच गुणवत्तेचा प्रश्न आहे.

आता पद्धतीकडे येऊ. चार जनुके पेशीत न्यायची कशी? पहिल्या प्रयोगांत रेट्रोविषाणू वापरले. हा विषाणू आपला मजकूर पेशीच्या जनुकसंचात कायमचा घुसवतो, आणि कोणत्या ओळीत घुसवील याचा नेम नसतो. त्यात सी-मिक हे जनुक कर्करोगाशी संबंधित. यामानाकांच्याच गटाने २००७ मध्ये नोंदवले की, अशा पेशींपासून झालेल्या उंदरांच्या संततीपैकी सुमारे वीस टक्क्यांना गाठी झाल्या, कारण झोपलेले सी-मिक पुन्हा जागे झाले. काम झाल्यावर पाहुणा घरातून गेलाच नाही, असा हा प्रकार.

म्हणून मागे काही न ठेवता जाणारे पाहुणे शोधणे सुरू झाले. २००८ पासून दोन-तीन वर्षांत अनेक वाटा निघाल्या. त्यांतल्या तीन रूढ झाल्या. पहिली, जपानमधील शहराचे नाव मिळालेला सेंदाई विषाणू : तो आरएनएचा असतो, पेशीच्या केंद्रकात शिरत नाही आणि पेशी विभागत गेली की विरळ होत नाहीसा होतो. दुसरी, एपिसोमल प्लाझ्मिड : डीएनएची स्वतंत्र कडी, जी जनुकसंचाला न चिकटता काही काळ सोबत राहते. तिसरी, संदेशवाही आरएनए : रोज नव्याने पेशीत सोडायचा, सुमारे दोन आठवडे, तो आपोआप विरतो.

या तिन्हींची तुलना करणारा एक महत्त्वाचा अभ्यास २०१५ साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केला. त्यातले आकडे साहित्याच्या वाचकालाही बोलके वाटतील. संदेशवाही आरएनएने सुमारे दोन टक्के पेशी मूलपेशी झाल्या. सेंदाईने एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. एपिसोमल पद्धतीने त्याहूनही फार कमी. गुणसूत्रांच्या संख्येत बिघाड झालेल्या मालिका आरएनए पद्धतीत सुमारे दोन टक्के, सेंदाईत साडेचारच्या आसपास, एपिसोमलमध्ये अकरा टक्क्यांच्या पुढे. मग आरएनए सर्वश्रेष्ठ काय? तर त्याच अभ्यासात असेही दिसले की, नमुने घेऊन काम सुरू केले असता सेंदाई आणि एपिसोमल पद्धती दहांतील नऊहून अधिक नमुन्यांत यशस्वी होतात, आणि आरएनए पद्धत मात्र चारांतील जेमतेम एका नमुन्यात. शिवाय तिच्यात मेहनत सर्वाधिक. अभ्यासाचा निष्कर्ष कुणा एकीला पदक देणारा नव्हता : तिन्हींतून उत्तम पेशी मिळू शकतात, कशासाठी हव्या आहेत हे ठरवून पद्धत निवडावी.

या निष्कर्षावर मी बराच विचार केला, कारण ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या महाविद्यालयांतही रोज उच्चारला जातो, आणि ‘कशासाठी’ हा प्रश्न त्यामागे क्वचितच येतो. उपयोगाचा उल्लेख गाळला की गुणवत्ता ही वस्तूच्या पोटात बसलेली शिल्लक रक्कम वाटू लागते. ती तशी नसते. बशीत औषधाची चाचणी घेण्यासाठी जी पेशी चांगली, ती माणसाच्या डोळ्यात ठेवण्यासाठी चांगली असेलच असे नाही.

इथपर्यंत पद्धतीची कथा सरळ आहे : वाईट पद्धत गेली, चांगल्या आल्या. परंतु २०१० च्या सुमारास एक निराळीच गोष्ट पुढे आली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रक्ताच्या पेशीपासून बनवलेली उंदराची मूलपेशी पुन्हा रक्ताकडे सहज वळत होती. त्वचेसारख्या पेशीपासून बनवलेली तितक्या सहज वळत नव्हती. दोघींनाही ‘बहुसक्षम’ हेच प्रशस्तिपत्र मिळालेले. म्हणजे पूर्वीच्या जन्माच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. फिकट झाल्या होत्या. संशोधकांनी याला पेशीची स्मृती म्हटले.

आपल्या भाषेत याला अधिक चांगला शब्द आहे. ‘स्टेम सेल’मधला ‘स्टेम’ म्हणजे खोड. हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये वंशवृक्षाच्या कल्पनेवरून हा शब्द घडवला. मराठीत आपण ‘मूलपेशी’ म्हणतो, कधी ‘स्कंधपेशी’. स्कंध म्हणजेही खोडच. आणि मराठीत खोडीचा आणखी एक अर्थ आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो. मूलपेशींच्या शास्त्राने मोठ्या खर्चाने आणि कष्टाने जे शोधले ते या म्हणीत बसते : खोड पुन्हा फुटते, पण जुनी खोड घेऊन फुटते.

लोणी देवकरच्या माणसाला हे उसाच्या भाषेत सांगता येते. लागणीचा ऊस तोडला की जमिनीतल्या बुडख्यांपासून खोडवा येतो, त्यानंतर निडवा. बेणे नवे नाही, मशागत नवी नाही. तीच मुळे पुन्हा फुटतात. पण खोडवा कसा येईल हे मागची तोडणी कशी झाली यावर ठरते. ऊस जमिनीलगत तोडला, बुडखे छाटले, पाचट न जाळता सरीत पसरले, तर फूट जोमदार येते. कोयता वर चालवला तर वरचे डोळे फुटतात आणि कोंब कमजोर राहतो. काणी किंवा गवताळ वाढ लागणीत असेल तर खोडव्यात ती अधिक बळावते. म्हणजे नव्याने फुटणाऱ्या खोडाची गुणवत्ता तीन गोष्टींनी ठरते : मूळ बेणे, तोडण्याची रीत, नंतरची निगा. मूलपेशीच्या बाबतीत हेच तीन घटक आहेत : पेशी कुणाची आणि कुठली, रिप्रोग्रामिंग कसे केले, आणि बशीत किती पिढ्या कशा वाढवल्या.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. या क्षेत्रातील अनेक जाणकार म्हणतील की, पद्धतीचा वाद आता जुना झाला. विषाणू जनुकसंचात घुसत नसेल तर बाकीचे फरक किरकोळ आहेत. खरा फरक पडतो तो दात्यामुळे. या म्हणण्याला भक्कम आधार आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या प्रकल्पाने २०१७ मध्ये ३०१ निरोगी व्यक्तींच्या ७११ मालिका तपासल्या, आणि निरनिराळ्या गुणधर्मांतील पाच ते सेहेचाळीस टक्के फरक केवळ व्यक्तिव्यक्तींतील भेदामुळे असल्याचे दाखवले. २०११ मधील एका अभ्यासात पाच वेगवेगळ्या पद्धतींनी बनवलेल्या बावीस मालिकांमध्ये सरासरी पाचेक बदल प्रथिनांच्या मजकुरात सापडले, आणि त्यांतले निम्मे तरी मूळ पेशीतच आधीपासून होते.

२०२२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी याहून मोठी तपासणी केली. त्वचेपासून बनवलेल्या सुमारे ७२ टक्के मालिकांवर सूर्याच्या अतिनील किरणांनी केलेल्या इजेच्या खुणा होत्या. म्हणून रक्तापासून पेशी बनवाव्यात म्हटले, तर चारांतील एकीहून अधिक मालिकांमध्ये बीकोर नावाच्या जनुकात बदल आढळले, आणि ते बशीत वाढताना निवडले गेल्याची चिन्हे होती. हे वाचताना उन्हातान्हात ऊस तोडणारे हात डोळ्यांपुढे आले. त्यांनी भोगलेले ऊन पेशीत लिहिलेले असते. पेशी पुन्हा ‘बाल’ झाली तरी ते लिखाण मिटत नाही.

तेव्हा आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे : पद्धत एकटी गुणवत्ता ठरवत नाही. पण त्यावरून पद्धत गौण ठरत नाही. दात्याचा वंश आपण निवडलेला नसतो, त्याने भोगलेले ऊनही नाही. पद्धत मात्र कुणीतरी निवडलेली असते. जिथे निवड आहे तिथे उत्तरदायित्व आहे. एपिसोमल पद्धतीच्या एका बहुप्रचलित संचात पी-५३ या जनुकाचे काम काही काळ दाबून ठेवतात. हे जनुक पेशीतला पहारेकरी : बिघडलेल्या पेशीला पुढे जाऊ न देणे हे त्याचे काम. त्याला क्षणभर बाजूला केले की अधिक पेशी पलीकडे पोचतात. हे चुकीचेच आहे असे मी म्हणणार नाही. नंतर कसून तपासणी केली तर चालूनही जाईल. परंतु ‘पहारेकरी बाजूला केला होता’ हे वाक्य त्या पेशींच्या चरित्रात असलेच पाहिजे.

चरित्राचा मुद्दा आला की साहित्याच्या माणसाला आपल्या घरातले उदाहरण आठवते. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्याही एका पोथीला ‘शुद्ध’ म्हणून डोक्यावर घेतले नाही. पोथी कोणत्या लिपीतली, कोणत्या कुळातली, कुणाकडून नकलली गेली, हे मांडून वंशवृक्ष तयार केले. प्रत्येक लेखकू आपली खूण ठेवतो, हे त्यांनी गृहीतच धरले होते. एक विशेष गोष्ट त्यांच्या कामातून दिसते : काही प्रक्षेप पोथ्यापोथ्यांतून फार पसरतात, कारण ते वाचकाला प्रिय असतात. बशीतल्या पेशींचेही तसेच. विसाव्या गुणसूत्राच्या एका विशिष्ट तुकड्याची जास्तीची प्रत झालेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा आढळतात, कारण त्या तुकड्यामुळे पेशी तगून राहते आणि शेजारणींना मागे टाकते. जे पसरले ते खरे असते असे नाही. ते पसरायला सोयीचे असते. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा पेशींनाही लागू पडतो.

अर्थात ही तुलना फार ताणू नये. पाठचिकित्सकाला मूळ पाठाकडे जायचे असते. पेशीच्या शास्त्रज्ञाला पुढे, रुग्णाकडे जायचे असते. पोथीतील चुकीने कुणाच्या मेंदूत गाठ होत नाही.

म्हणूनच ज्यांनी हे काम गंभीरपणे केले त्यांची सावधगिरी शिकण्यासारखी आहे. जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या पुढाकाराने १२ सप्टेंबर २०१४ रोजी सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यात, तिच्याच त्वचेपासून बनवलेल्या अशा पेशींचा पापुद्रा जगात प्रथमच बसवण्यात आला. दुसऱ्या रुग्णाची पाळी आली तेव्हा त्याच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, आणि २०१५ मध्ये काम थांबवले गेले. रुग्ण तयार होता, पेशी तयार होत्या, जग पाहत होते, तरी थांबले. पहिल्या रुग्णाविषयी २०१७ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यात चमत्काराची भाषा नव्हती : दृष्टी सुधारली नाही, खालावलीही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये क्योतोहून कंपवाताच्या सात रुग्णांवरील चाचणीचा वृत्तांत आला. दोन वर्षांच्या निरीक्षणात मेंदूत गाठ झालेली नव्हती, एवढे सांगायला त्यांना त्या पहिल्या मानवी पेशीपासून सतरा-अठरा वर्षे लागली. स्मृतीच्या प्रश्नावरही काम चालू आहे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पेशीला वाटेत काही काळ अगदी आरंभीच्या गर्भासारख्या अवस्थेतून नेण्याची रीत मांडली, जिच्यामुळे जुन्या खुणा बऱ्याच प्रमाणात मिटतात. म्हणजे पद्धत बदलली की स्मृती बदलते; ‘पद्धत गौण आहे’ या मताला याहून चांगले उत्तर नाही.

आता आपल्या पत्रकाकडे परत येतो. नोबेलचा उल्लेख, यामानाकांचे छायाचित्र आणि ‘बालपण जागे करणारे विज्ञान’ हे सारे त्यात होते. पण बारीक अक्षरात शेवटी लिहिले होते की, रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून पेशी काढून त्या टोचल्या जातात. अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशी म्हणजे प्रेरित बहुसक्षम पेशी नव्हेत. त्यांचे रिप्रोग्रामिंग झालेलेच नसते. एका संशोधनाची कीर्ती दुसऱ्याच वस्तूच्या वेष्टनावर छापली होती, आणि हे शक्य झाले ते ‘मूलपेशी’ या एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली. ही लबाडी शास्त्राच्या भाषेत पकडता येते, तशी साध्या वाचनाच्या शिस्तीनेही पकडता येते. आणि वाचनाची शिस्त शिकवण्याचाच पगार आपण घेतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांच्या शीर्षकात मूलपेशींचे ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द जाणूनबुजून वगळला गेला. २०१७ च्या आवृत्तीतही तो परत आला नाही. कारण स्पष्ट होते : रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे रोपण सोडले, तर बाकी सारे अद्याप संशोधन आहे, आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर ते रुग्णावर करणे अनैतिक आहे. शीर्षकातला एक शब्द गाळणे ही किती मोठी कृती असू शकते, हे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. दिल्लीत वगळलेला तो शब्द मराठी पत्रकांत मात्र ठळक टाइपात नांदत होता.

माझे म्हणणे दोन कलमांत मांडतो. पहिले शब्दांविषयी. ‘रिप्रोग्रामिंग’ हा शब्द संगणकावरून आला, आणि त्याबरोबर कोऱ्या पाटीची कल्पना आली : जुने पुसले, नवे भरले. पेशीचे वास्तव तसे नाही. मराठीत आणि संस्कृतात ‘संस्कार’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो : एखाद्या वस्तूला घडवण्याची क्रिया, आणि त्या क्रियेने मागे राहणारा ठसा. पुनर्जन्माची भाषा वापरणाऱ्या पत्रकाला हे सोयीचे नाही. पण पेशीबाबत जे घडते त्याला ‘पुनःसंस्कार’ म्हणणे अधिक अचूक होईल, कारण त्या शब्दात पद्धत आणि तिची खूण एकत्र राहतात. शास्त्रज्ञांनी तो स्वीकारावा असा माझा हट्ट नाही. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याने निदान ‘पुसले जाते’, ‘नव्याने जन्म होतो’ ही वाक्ये लिहिताना हात आखडावा, एवढीच अपेक्षा.

दुसरे कलम प्रश्नांविषयी. मूलपेशींवरील कोणताही मराठी लेख, बातमी किंवा संमतिपत्र पाच प्रश्नांची उत्तरे देत नसेल तर ते अपुरे समजावे : पेशी कुणाची, शरीरात कुठली? कोणत्या पद्धतीने घडवली? किती पिढ्या वाढवली? कोणत्या बिघाडांसाठी तपासली? आणि कशासाठी वापरायची, मान्य चाचणीत की चाचणीबाहेर? यांतला एकही प्रश्न अवघड नाही. उसाचे बेणे घेणारा माणूस यांतले चार दर हंगामाला विचारतो. संमतिपत्र मराठीत आहे म्हणून ते कळते, असे आपण धरून चालतो. त्या गृहस्थांचे ‘मराठीच आहे, पण कळंना’ हे वाक्य त्या समजुतीवरचे उत्तम भाष्य आहे.

उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार खाली गेले की पळसदेवचे बुडालेले जुने पळसनाथाचे मंदिर वर येते. लोक बघायला जातात. धरण होऊन पंचेचाळीस वर्षे होत आली, गाव वर येऊन नव्याने वसले, तरी पाणी हटले की जुने दगड तसेच. पाण्याने ते झाकले होते, पुसले नव्हते. पेशीच्या स्मृतीबद्दल वाचताना माझ्या मनात हेच चित्र येत राहिले.

मी ते पाच प्रश्न पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिले. महिन्याभराने ते गृहस्थ पुन्हा भेटले. केंद्रात गेले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, दुसऱ्याला ‘ते तुम्हाला कळणार नाही’ असे सांगितले गेले, आणि तिसऱ्याला पैशात सूट. ‘‘सर,’’ ते म्हणाले, ‘‘ज्याला बेण्याचा पत्ता सांगता येत नाही त्याच्याकडनं मी कांडी घेत नाही. पोराला टोचून कसं घेऊ?’’ जमीन राहिली. मुलाचा आजारही राहिला; त्यावर आज कुणाकडे उत्तर नाही, आणि तसे त्यांना स्पष्ट सांगणारे दुसरे कुणी भेटले नव्हते. मुलाला आता ते नियमित व्यायामोपचाराला नेतात. खरे उत्तर कधी निघालेच, तर ते पेशी कशी घडवली हे सांगायला न लाजणाऱ्या माणसाकडून येईल.